कागदाखालची लाँच

लाँचला वास येऊ लागला होता. तो डिझेलचा नव्हता आणि माशांचाही नव्हता. त्या दोन्हींना सावळारामचे नाक कधीच सरावले होते. पावसाळा संपल्यावर कडब्याच्या गंजीच्या बुडाशी हात घातला की जसा उबट, आंबूस वास वर येतो, तसा हा होता. आणि तो येत होता पायाखालून, तळाला घातलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदाच्या खालून.

सावळाराम केबिनमध्ये खिडक्यांच्या पितळी कड्या चिंचेने घासत बसला होता. नातीचे, सुप्रियाचे, लग्न मार्गशीर्षात धरले होते आणि त्याआधी लाँच लखलखीत करायची होती. उजनीचे पाणी डाळजच्या उसाच्या बांधाला येऊन टेकले होते. या पाण्याखाली त्यांचे जुने गाव होते. धरण भरले तेव्हा गाव उठून माळावर आले, आणि तेव्हापासून एक रीत पडली. गावातली मुलगी सासरी जाण्याआधी तिला पाण्यावर नेऊन गाव दाखवायचे. देवळाच्या वर आले की इंजिन बंद करायचे, मुलीने खण-नारळ पाण्यात सोडायचा, आणि सावळारामने बोट करून सांगायचे, ही चावडी, हा पाणवठा, हा तुमचा उंबरा. ज्यांनी ते गाव कधी पाहिले नव्हते त्या पोरी नुसत्या पाण्याकडे बघून रडायच्या.

हातातली चिंच ठेवून तो इंजिनाच्या मागे गेला. गुडघे धरत ओणवा झाला आणि चाकूने कोपऱ्यातला कागद बोटभर चिरला. आतून काळे पाणी झिरपले. त्याने पेचकस घेऊन खालच्या फळीवर टेकवला. टेकवला एवढेच, जोर केला नाही. पिकल्या पपईत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आलेला लाकडाचा तुकडा त्याने चिमटीत चोळला, तर त्याचा चिखल झाला.

कागदाची चीर त्याने राळ लावून बुजवली आणि वर तेलाचा डबा ठेवला.

ही लाँच धरणाच्या कामावर आलेली. कोकणातल्या सुतारांनी बांधलेली, सागवानी, तांब्याच्या खिळ्यांची. ट्रकवर घालून घाट चढवून आणली तेव्हा सावळारामला नुकते मिसरूड फुटले होते. साहेब लोक तिच्यातून पाहणी करायचे आणि रविवारी बायकामुलांना घेऊन फिरायचे. पांढरी केबिन, आत गादीची बाके, स्टोव्ह ठेवायला कोपऱ्यात जस्ताचा पत्रा मारलेला कट्टा. काम आटोपल्यावर ती काठावर पडून राहिली आणि लिलावात सावळारामच्या वडिलांनी घेतली. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्याचं रान बुडालं, आता हा पाण्यावर पेरणी करणार. पण धरणाने नात्यागोत्यांच्या मधोमध पाणी घातले होते. इकडची लेक तिकडे करमाळ्याच्या काठाला, आणि रस्त्याने जायचे तर दिवस मोडायचा. हसणारेच लाँचची वाट बघत काठावर उभे राहू लागले. बाळंतिणी गेल्या, वऱ्हाडे गेली, शेळ्या गेल्या. एकदा आख्खी बँडपार्टी वाजवत गेली आणि त्या आवाजाने पलीकडच्या गावातली म्हसरे दावी तोडून पळाली.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की लाँच गाळावर टेकायची. मग सावळाराम तिच्या पोटाखाली शिरायचा. फटींतला जुना कापूस उकरून काढायचा, नवी वात वळून मोगरीने ठोकायची, वर राळ आणि जवसाचे तेल कढवून भरायचे. आणि फळ्या अगदीच वाळू नयेत म्हणून बाहेरून ओली पोती बांधायची, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटू नये म्हणून उन्हाळ्यात चाक पाण्यात ठेवतात तसे. आतून मात्र सगळे उघडे ठेवायचे. वडील म्हणायचे, "हिला भिजू बी द्यायचं आन वारं बी लागू द्यायचं. एक केलं आन एक न्हाय, तर मेली." पुढे सागाच्या फळ्या मिळेनाशा झाल्या. त्याने तळाला आंब्याच्या फळ्या आणि बाभळीच्या बरगड्या घातल्या, लोखंडी खिळे मारले, आणि दर उन्हाळ्याला खाली शिरत राहिला.

मग पाच-सहा वर्षांपूर्वी संदेशने कागद घातला.

संदेश हा त्याचा एकुलता एक मुलगा. आधी त्याने पोल्ट्री काढली, तर पक्ष्यांना रोग लागला. मग पपई लावली, ती पिवळी पडली. मग गाईंचा गोठा. प्रत्येक वेळी सावळारामने आधीच सांगितले होते की हे जमायचे नाही, आणि प्रत्येक वेळी ते खरे ठरले होते. गावाने पोराला 'संदेश फेल' असे नाव ठेवले. शेवटी तो शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद घालायच्या कामावर गेला आणि तिथे त्याचा हात बसला. गरम मशीन फिरवून दोन कागदांचा असा जोड करायचा की तळे फाटेल पण जोड सुटणार नाही. कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत डाळिंबवाले त्याचे नाव घेऊ लागले. त्या उन्हाळ्यात बापाला लाँचखालून उठता येईना हे त्याने पाहिले. काही न विचारता त्याने आतून, बाकांच्या उंचीपर्यंत, काळा कागद मापात कापून बसवला.

"तात्या, आता तुमी निवांत ऱ्हावा," तो म्हणाला होता. "आत पाण्याचा थेंब दिसला तर माझं नाव बदला."

थेंब दिसला नाही. माणसे कोरड्या पायांनी बसू-उतरू लागली. सावळारामच्या मनात काहीतरी खुपले होते, पण पोराचा चेहरा पाहून तो म्हणाला होता, "झ्याक केलंस." त्या साली तो लाँचखाली शिरला नाही. पुढच्याही नाही. गुडघ्यांना आराम पडला, आणि तो आराम त्याला गोड लागला. पाणी फटींतून यायचे ते येतच होते. फक्त कागदाच्या मागे, न दिसता, न वाळता, वाऱ्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी संदेश मोटारसायकलवरून आला तोच हसत.

"सणसरचं पाहुणं बी येणार म्हणत्यात तात्या. समदी मिळून पंचवीस-तीस माणूस व्हईल. बायका हायत, पोरं हायत. बसत्यात न्हवं?"

"इंजान धरंना झालंय," सावळाराम म्हणाला.

"परवा तर मासेवाल्यांना वढून आणलं की तुमी!"

"परवा धरलं. आता धरंना."

संदेशने बारामतीहून मेकॅनिक आणला. मेकॅनिकने हँडल मारले आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झाले. "तात्या," तो हात पुसत म्हणाला, "हे इंजान तुमच्यापरीस तरणं हाय. ह्याचं बी लगीन लावा ह्याच मांडवात."

संदेश खो खो हसला. सावळारामही हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "मी काय म्हणतो, पक्षी दाखवत्यात त्या फायबरच्या बोटी घिऊ या. जाकिटं बी असत्यात त्यांच्याकडं."

"दुसऱ्याच्या बोटीत? माझी लेक?" संदेशचे हसू मावळले. "तात्या, ह्या लाँचीमुळं मला लोक वळखत्यात. डाळिंबवाल्यांना हितं आणून दाखवतो मी, बघा म्हणतो, चारी अंगानं पाणी हाय आन आत धूळ उडतीया. पाहुण्यांना बी कळू द्या की नवरीच्या बापानं एक तरी काम धड केलंय."

 रात्री ताटावर बसल्यावरही सावळारामला कागदाचे सांगायला शब्द जुळवता येईनात. बायको, कुशाबाई, समोर बसून बघत होती.

"आवो, भाकरी नुसती कुस्करून ठिवलीया."

त्याने ताटात पाहिले. दुधात भिजलेला कुस्करा बोटाला लागत होता. त्याने हात मागे घेतला.

"जे गिळलंय ते सांगावं की माणसानं," ती म्हणाली.

"काय न्हाय गिळलं."

सांगायचे म्हणजे आणखी एकदा तेच, पोरा, तुझे चुकले. आधी तीन वेळा सांगितलेले सगळे खरे ठरले होते, आणि त्या खऱ्याचा कुणाला काय उपयोग झाला होता? पोराचा चेहरा तेवढा उतरत गेला. पण तीस माणसे त्या फळ्यांवर बसवायची नाहीत, एवढे नक्की होते. लाँच पाण्यावर राहिली तर संदेश ती नेणार. म्हणून ती पाण्यावर राहता कामा नये.

लग्नाला आठवडा असताना एका धुक्याच्या सकाळी त्याने लाँच सोडली. एकटाच होता. जुन्या चावडीच्या वर आणून इंजिन बंद केले. चावडीची दगडी भिंत खाली अजून उभी होती हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि तिला चुकवून लाँच कशी न्यायची हे फक्त त्याला. त्याने जागा विचार करून निवडली होती. भिंतीला लागून फुटली म्हटले की कुणी काही विचारणार नाही. विचारलेच तर त्यालाच विचारतील. मे महिन्यात चावडी उघडी पडेल तेव्हा लग्न होऊन गेलेले असेल आणि लाकूड का गेले याचा दोष पाण्यावर जाईल.

चाकूने त्याने कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चिरला. मग टाच आपटून तळाची फळी फोडली. आपटावे फारसे लागलेच नाही. पाणी वर येऊ लागले तसा तो केबिनच्या खिडक्या लावू लागला. पाऊस आला की तो नेहमी लावायचा, तसाच एकेक कडी अडकवत गेला, आणि सगळ्या लावून झाल्यावर आपण हे काय करतोय ते त्याच्या ध्यानात आले. मग तो टपावर चढून बसला.

मासेमारीच्या लाकडी नावेतून रावजी त्याच बाजूला जाळी काढत होता. सावळारामची हाक ऐकून तो धुक्यातून वल्हवत आला, तेव्हा टपालाही पाणी लागले होते. त्याने सावळारामला बखोटीला धरून नावेत ओढले.

"तात्या! चावडीला लावली? तुमी?"

"इसरलो," सावळाराम म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"एक येळ मी माझं घर इसरंन..." रावजीने वाक्य पुरे केले नाही. अंगातला स्वेटर काढून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला.

गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणाले, "म्हाताऱ्याला आता पाण्याखालचं गाव दिसंना. उद्या वरलं बी दिसायचं न्हाय, सांभाळा." ते त्याच्या कानावर आले. ते त्याने सोसले. तेवढे सोसायचे त्याने ठरवलेच होते. न सोसवण्यासारखे होते ते संदेशचे वागणे. तो चिडलाच नाही. बाजेवर बापाजवळ येऊन बसला, त्याचे पाय चेपू लागला आणि म्हणाला, "होतं तात्या. वय झालं. जीव वाचला हेच लई झालं. मी हाय ना."

सुप्रियाला गाव दाखवायला शेवटी फायबरच्या दोन बोटी गेल्या. सावळारामला कुणी चला म्हटले नाही. मुद्दाम नव्हे, त्याला पाण्याजवळ न्यायला नको म्हणून. बोट करून गाव दाखवायचे काम रावजीने केले. काठावरून सावळाराम बघत होता. उंबरा म्हणून रावजी पाणवठ्याच्या जागेकडे बोट करत होता आणि नात तिकडे हात जोडत होती.

संक्रांत झाली आणि रावजी तिळगूळ घेऊन आला, मोठ्या खुशीत.

"तात्या, तुमचं पोरगं म्हंजी सोनं हाय बघा. तुमास्नी काढलं म्हणून माझ्या नावंला फुकट कागद घालून देतोय. आज सुरू बी केलं. आता रोज पाणी उपसायची कटकट मिटली. आमची कारभारीण तानूबाई म्हणती, आता मी बी येती जाळ्यावर, साडी भिजायची न्हाय!"

सावळारामने तिळगूळ हातातच ठेवला. मग तो न खाताच उठला आणि काठाकडे चालू लागला.

नाव काठावर ओढून ठेवली होती. संदेश आत गुडघ्यांवर बसून मशीन फिरवत होता. तापलेल्या प्लास्टिकचा वास सुटला होता.

"संदेश, ह्यो कागद घालू नगंस."

"का तात्या?"

"आतून लाकूड कुजतंय. लाँचीचं कुजलं. पेचकस मुठीपातुर गेला."

संदेशने मशीन बंद केले. "लाँच भिंतीला लागली."

"न्हाय लागली. म्या बुडवली. मुद्दाम. माणसं बसवायची न्हवती तिच्यात."

मागून आलेला रावजी उगाच हसला. संदेश नावेतून उतरला नाही. तिथूनच तो बापाकडे बघत राहिला.

"मंजी लाँच माझ्या कागदानं गेली म्हणता."

"व्हय."

"दोन महिनं गप ऱ्हायला आन आज म्हणता. गाव हसलं म्हणून? तात्या, गावाला मी काय बोललो का? तुमाला काय बोललो का मी?"

"न्हाय बोललास."

"पोल्ट्रीच्या टायमाला असंच. पपईला असंच. एकदा, निस्तं एकदा म्हणायचं व्हतं तुमी, की पोरानं बरं केलं."

"म्हणालो व्हतो की."

"व्हय," संदेश म्हणाला. "आन आता ते बी काढून घेताय."

रावजीने सावळारामचा दंड धरला. "चला तात्या, घरी चला. वारं लई सुटलंय." आजारी माणसाशी बोलावे तसा तो हळू बोलत होता. त्यांच्या पाठीमागे मशीन पुन्हा सुरू झाले.

आपण आधी एक खोटे सांगितले आणि ते साऱ्यांनी मानले. आता खरे सांगतो आहोत तर ते म्हातारचळ ठरते, हे त्याला वाटेतच उमगले. साक्षीला फक्त लाँच होती आणि ती पाण्याखाली होती.

मग तो पाण्यावर नजर ठेवून बसू लागला. काठाला काठी रोवायची आणि सकाळी बघायचे. उभ्या जन्मात त्याने पाणी चढावे एवढेच मागितले होते. आता ते उतरावे म्हणून तो जीव टांगून बसला. रावजी दिसला की म्हणायचा, "तानूबाईला बसवू नगं रं नावंत. काठाकाठानं जात जा." रावजी "व्हय तात्या" म्हणायचा आणि तानूबाईला घेऊन खोल पाण्यात जायचा. ती नाव परत काठाला लागेपर्यंत सावळाराम काठावरून हलायचा नाही.

फाल्गुनात पाणी झपाट्याने सरकले. शेतकरी मोटारी उचलून पुढे नेऊ लागले, पाइपाला पाइप जोडू लागले. ऊस सुकू लागला होता. जो तो पाण्याकडे बघून शिव्या देत होता, आणि त्या साऱ्यांत एकटा सावळाराम रोज काठी पुढे रोवताना मनात म्हणत होता, अजून उतर. एकदा कुशाबाईने त्याला तसे पुटपुटताना ऐकले.

"काय मागताय? आपला ऊस बी हाय त्या पाण्यावर."

"ठावं हाय मला," तो म्हणाला, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

वैशाखात देवळाचे शिखर वर आले, मग चावडीची भिंत, आणि भिंतीला टेकून एका कुशीवर कललेली लाँच. गाळ तडकून माणसाचे वजन पेलेपर्यंत आणखी काही दिवस गेले. एका सकाळी संदेश एकटाच निघाला. सावळाराम त्याच्या मागून काठी टेकत, भेगा चुकवत गेला. त्याला पोहोचायला वेळ लागला. तोवर संदेश लाँचभोवती फिरून आला होता.

तो बोटांच्या पेरांनी वरची फळी वाजवत होता. फळी टणटणत होती, जुनी सागवानी. मग हात खाली आणायचा, बाकांच्या उंचीला, जिथपर्यंत कागद होता, आणि त्या रेषेच्या खाली त्याचे बोट लाकडात शिरायचे. पुढे सरकून पुन्हा वर, पुन्हा खाली. सगळीकडे तेच. बाहेरची फळी गळून पडली होती तिथे आतला काळा कागद तेवढा उरला होता, ताठ, चकचकीत, फळीचा आकार धरून.

मग तो वाकून आत गेला. तळाला कागदावर ती लांब चीर होती. तिच्यावरून त्याने बोट फिरवले.

"हे कुणी चिरल्यालं?"

"मी."

"बाकी जोड कुठं सुटल्याला न्हाय."

"न्हाय," सावळाराम म्हणाला. "तुझा जोड चांगलाच हाय."

संदेशने मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. "चाकू द्या."

सावळारामने खिशातून काढून दिला. संदेश तडकलेल्या गाळावरून, पाण्याच्या कडेला रावजीची नाव लागली होती तिकडे, चालत गेला. तो मागे वळला नाही. रावजी लांबून ओरडला, "अरं ये, काय करतोस? नवा हाय कागद!" आणि मग कागद फाटल्याचा आवाज आला, एक लांब, आणि लगेच दुसरा.

आता सावळारामला बरे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. ऊन चढले होते. सावळाराम लाँचच्या सावलीला सरकला आणि सवयीने, गुडघे धरत, तिच्या पोटाखाली जाऊन बसला. वर बघितले. शेवटच्या साली त्याने ठोकलेली कापसाची वात जागच्या जागी होती, राळेने घट्ट. तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या गेल्या होत्या, आणि ती नुसतीच लोंबत होती.